मुळाशी कुरळे, टोकाला सरळ

दिवाळी तोंडावर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एप्रिल-मेमध्ये लग्नसराईसाठी केस सरळ करून घेतलेल्या बायका ऑक्टोबरात आरशासमोर उभ्या राहतात आणि आपल्याच डोक्यावर दोन वेगवेगळ्या बायकांचे केस त्यांना दिसतात. यंदा निम्म्याहून जास्त पत्रं याचीच आहेत, म्हणून हा अंक तेवढ्यावरच. कोंडा, चाई आणि अकाली पिकणं पुढच्या वेळी.

डोंबिवलीत पार्लर चालवायला लागून मला तीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीच्या काळात बायका माझ्याकडे सरळ केस कुरळे करून घ्यायला यायच्या, पर्मिंग करून द्या म्हणायच्या. आजच्या मुलींना हे खरं वाटत नाही.

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांची, लातूर जिल्ह्यात शिक्षिका आहे. माझे केस मूळचे दाट, लाटालाटांचे. मे महिन्यात स्मूदनिंग करून घेतलं. आता मुळाशी जुने केस परत उगवलेत, ते पिंजारतात. खालचे सरळसोट आहेत, पण निर्जीव. दोन्ही जिथं मिळतात तिथंच केस तुटतात, उशीवर आखूड तुकडे सापडतात. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. मार्गशीर्षात धाकट्या भावाचं लग्न आहे. पार्लरवाली म्हणते, पूर्ण डोक्याचं परत करून टाका, एकसारखं होईल, दिवाळीची सूटही आहे. करू का?

उत्तर : नको. पूर्ण डोक्याचं तर मुळीच नको, सूट कितीही असली तरी.

आधी एक गोष्ट आठवून बघा. मे महिन्यात नेमकं काय काय झालं होतं? वास मारणारं क्रीम लावलं, मग केस धुतले, वाळवले, इस्त्रीनं सरळ केले, नंतर दुसरं क्रीम लावून परत धुतलं, असं झालं असेल तर ते कायमचं काम. स्मूदनिंग म्हणा, रिबाँडिंग म्हणा, जात तीच, फरक ताकदीचा. याउलट एकच द्रव लावून, ड्रायरनं वाळवून, डोळे चुरचुरतील इतक्या धुरात इस्त्री फिरवली असेल तर ते केराटिन. केराटिनचा थर धुण्याधुण्यांत उतरत जातो, त्यात दोन केसांमधली हद्द इतकी ठळक दिसत नाही. तुमच्या पत्रावरून तुमचं पहिल्या प्रकारचं वाटतं, आणि मी ते धरूनच लिहिते.

तुमच्या आईनं किंवा आजीनं जुना स्वेटर उसवलेला पाहिला असेल. उसवलेली लोकर सरळ निघत नाही, नागमोडीच राहते. मग तिची लडी भिजवून, खाली वजन टांगून वाळवायची, म्हणजे सरळ होते. लोकर आणि केस दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचेच. पाण्यानं जी घडी बसते ती पाण्यानंच मोडते, म्हणून ब्लो-ड्राय केलेले केस पावसाळी हवेत एका लोकल प्रवासात परत फुगतात. पण केसाच्या आत याहून पक्के दुवे असतात, गंधकाचे. ते पाण्याला दाद देत नाहीत. पार्लरमधलं पहिलं क्रीम, बहुतेक वेळा थायोग्लायकोलेटचं, हे दुवे तोडतं. इस्त्री केसाला सरळ करते. दुसरं क्रीम, हायड्रोजन पेरॉक्साइडचं, तुटलेले दुवे नव्या जागी जोडतं. सगळे जोडले जात नाहीत, काही कायमचे जातात. एकदा हे केलेला केस चालून जातो. त्याच केसावर पाच महिन्यांनी तेच परत केलं तर उरलेल्यातले आणखी जातात. आणि केस म्हणजे नखासारखा, टाळूच्या बाहेर आला की त्यात जीव नाही. त्याची जखम भरत नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असू दे.

हे मी शिकले ते पुस्तकातून नाही, सख्ख्या भाचीच्या डोक्यावर शिकले. २००७ साल. तिच्या लग्नाला तीन आठवडे होते, मुळाशी तीन बोटं कुरळे आले होते आणि मला घाई होती. टच-अप, म्हणजे मुळाशी आलेले तेवढेच नवे केस सरळ करताना क्रीम जुन्या सरळ केसांवर ओघळलं, ते मी वेळेत पुसलं नाही. त्या दिवशी केस झक्क दिसले. आठ दिवसांनी ती आंघोळीनंतर ओंजळभर केस घेऊन माझ्याकडे आली. कानामागचे केस मुळापासून तीन बोटांवर, कात्रीनं कापल्यासारखे तुटले होते. लग्नात गंगावन लावून अंबाडा घातला, वर गजऱ्यांचे चार पदर. फोटोत कोणाला कळत नाही. मला कळतं.

तर तुमचा तुटका पट्टा तिथंच का, ते लक्षात आलं असेल. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. मे ते ऑक्टोबर म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर, आडवी तीन बोटं. त्या जागी तगडा, वळणाचा नवा केस संपतो आणि पातळ झालेला सरळ केस सुरू होतो. कंगवा खालून सुळकन वर येतो, वळणापाशी अडतो, तुम्ही ओढता, आणि केस कमजोर बाजूनं तुटतो. पार्लरमधल्या पोरी याला लाइन म्हणतात, मी जोड म्हणते. दोन टच-अपच्या मधले सगळे महिने या जोडाला सांभाळण्याचे असतात. बाकीच्या केसांची एवढी काळजी नको.

कसं सांभाळायचं? न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावा, पण टाळूवर थापू नका. जोडापासून टोकापर्यंत, केस हातात घेऊन, बोटांनी. खोबरेल यासाठी की ते केसाच्या आत शिरतं. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली, तेव्हा एकट्या खोबरेलानं धुण्यात वाहून जाणारी प्रथिनं कमी झाली. आपल्या आज्यांना हे प्रयोगाशिवाय माहीत होतं, पण त्या तेल लावून चार दिवस तसंच ठेवायच्या, ते मात्र करू नका. सकाळी धुवून टाका.

गुंता कोरड्या केसांतच, न्हाण्याआधी काढा. शाम्पू फक्त टाळूवर, खाली जो फेस ओघळेल तेवढा खालच्या केसांना पुरतो. केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. कंडिशनर जोडाच्या दोन बोटं वरून टोकापर्यंत. तो लावलेला असतानाच मोठ्या दातांचा कंगवा, आधी टोकं, मग मधले, मग जोड. जोडापाशी आलात की वरचा केस दुसऱ्या हातानं घट्ट धरा, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. टॉवेलनं झटकू नका. जुना मऊ पंचा घ्या, त्यात केस दाबून पाणी टिपा. उशीला जुन्या साटीनच्या परकराची खोळ शिवली तर उशीवरचे तुकडे आठवड्यात कमी झालेले दिसतील. शाळेत जाताना करकचून अंबाडा घालत असाल तर तोही सैल करा, रबराऐवजी कापडी बँड.

अंडं, दही, केळं याबद्दल कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. अंड्यातलं प्रथिन केसाच्या आत शिरण्याएवढं लहान नसतं, आणि वरून कढत पाणी पडलं की काय होतं ते भुर्जी करणाऱ्यांना सांगायला नको. एका गिऱ्हाइकाच्या केसांतून मी अर्धा तास भुर्जी वेचलेली आहे.

आता पाणी. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्या पाण्यात केस मऊ राहत नाहीत, कारण एकच, क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा उपाय नसेल तर ६००. बोअरचं पाणी याच्याही पुढं जाऊ शकतं. रसायन झालेला केस स्पंजासारखा असतो, हे क्षार तो जास्त धरून ठेवतो, म्हणून तुम्हाला तो निर्जीव, चरचरीत लागतो. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा केस धुवायला फिल्टरचं पाणी वापरा असं बिनदिक्कत सांगायचं धाडस मला होत नाही. पण शेवटचा एक तांब्या तेवढा पिण्याच्या पाण्याचा घ्या. त्यात अर्धा चमचा व्हिनेगर किंवा गाळलेला लिंबाचा रस, केसांवरून ओतून परत धुवायचं नाही. लिंबू घेतलंत तर त्या दिवशी उन्हात बसू नका. महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरा, बाटलीवर ‘चिलेटिंग’ किंवा ‘हार्ड वॉटर’ लिहिलेलं असतं. आणि पुढच्या पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरा, पहिल्या दोन पावसांनंतरचं. पूर्वी त्यात डाळ शिजवायचे आणि नहाणही व्हायचं.

राहिलं दिसण्याचं. वरचे कुरळे आणि खालचे सरळ एकसारखे करायचे तर दोन वाटा आहेत. वरचे रोज सरळ करत बसा, किंवा खालच्यांना थोडं वळण द्या. मी दुसरी सांगेन, कारण तिला वीज लागत नाही. केस ऐंशी टक्के वाळले की चार सैल वेण्या घाला, रात्रभर ठेवा, सकाळी बोटांनी सोडवा, कंगवा लावू नका. सरळ केसांना लाट येते आणि जोड त्या लाटेत लपतो. वरचे पिंजारतात त्याला जवस. तुमच्याकडे चटणीसाठी घरात असणारच. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच गाळा. थांबलात तर फडक्यातून उतरणार नाही आणि मला शिव्या द्याल. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. न्हाल्यावर ओल्या मुळांना अगदी थोडं चोपडायचं.

लग्नात खोपा घाला. खोप्याला उलट वळणाचेच केस बरे, पिना घट्ट बसतात. टच-अप हवाच असेल तर माघ-फाल्गुनात, मुळाशी निदान तीन-साडेतीन इंच नवे केस आल्यावर. पार्लरवालीला तीन गोष्टी आधी विचारा. फक्त नव्या केसांवर करणार ना? जोडाखालच्या केसांना आधी कंडिशनर चोपडून प्लास्टिकमध्ये गुंडाळणार ना? क्रीम टाळूपासून अर्धा सेंटिमीटर लांब ठेवणार ना? यातल्या एकाही प्रश्नाला ती ‘काही होत नाही हो’ म्हणाली तर उठून या.

प्रश्न : काकू, मी १९ वर्षांची आहे, पुण्यात होस्टेलला राहते. रिबाँडिंगला सात महिने झाले. समोरच्या बटा आणि मुळं कुरळी दिसतात म्हणून रोज सकाळी प्रेसिंग मशीन फिरवते. आठचं लेक्चर असतं, केस कधी कधी ओलेच असतात, मग चर्र आवाज येतो. मैत्रीण म्हणाली आधी तेल लाव म्हणजे जळणार नाहीत. हल्ली बटांची टोकं पांढुरकी दिसतात आणि तुटतात.

उत्तर : अगं, तो आवाज म्हणजे तुझ्या केसातलं पाणी उकळल्याचा. केसाच्या आत वाफ कोंडते आणि तिथं बुडबुडा तयार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस बघितला तर आत पोकळ फुगे दिसतात, डॉक्टरही त्याला बबल हेअरच म्हणतात. त्या फुग्यापाशी केस तुटतो. पांढुरकी टोकं तीच. ती कापून टाक, त्यांचं आता काही होणार नाही. आणि तेल लावून मशीन फिरवणं म्हणजे भजी तळणं आहे. मैत्रिणीला सांग, मी सांगितलंय म्हणून.

ओल्या केसांवर मशीन लावायचं नाही, हा एवढा एक नियम पाळलास तर बाकीचं माफ. उशीर होतो तर रात्री न्हा. खालचे सात महिन्यांपूर्वी सरळ केलेले केस आधीच सरळ आहेत, त्यांना परत कशाला शेकतेस? मशीन फक्त मुळापासून जोडापर्यंत, दीडशे-एकशेसाठ अंशांवर, एकदाच, आणि आधी उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे मारून तो वाळू द्यायचा. तुझ्या मशीनला आकडेच नसतील, नुसता लाल दिवा असेल, तर ते मशीन तुझ्या कामाचं नाही. स्वस्त मशिनं दोनशेच्या वर जातात आणि सांगत नाहीत.

रोज नको, आठवड्यातून दोनदा. बाकीच्या दिवशी समोरच्या बटा ओलसर असताना दोन मोठ्या वेल्क्रो रोलरांवर गुंडाळ, दात घासून कपडे होईपर्यंत ठेव. किंवा मधला भांग सोडून बाजूचा पाड. मुळं उठलेली दिसतात ती भांगाच्या रेषेवर, भांग सरकला की अर्धं काम होतं. याला पैसे पडत नाहीत म्हणून कोणी सांगत नाही.

एक बघ. न्हाल्यावर एक ओला केस दोन चिमटीत धरून हळूच ताण. थोडा ताणून परत आखडला तर ठीक. रबरासारखा लांबतच गेला आणि परत आला नाही, तर निदान यंदा टच-अपचं नावही काढू नकोस.

प्रश्न : वहिनी, मी कोल्हापूरची, वय ५२. पंधरा वर्षं दर तीन आठवड्यांनी मेंदी लावते, लोखंडी कढईत भिजवून. गेल्या वर्षी मुलीच्या हट्टानं मुंबईत स्मूदनिंग केलं, छान झालं. आता मुळाचे केस पांढरे, तारेसारखे ताठ येतात. टच-अपला इथल्या पार्लरमध्ये गेले तर तिनं मेंदीचं ऐकून चक्क नकार दिला. मुंबईत चाललं ते इथं का चालत नाही?

उत्तर : त्या बाईंना माझा नमस्कार सांगा आणि जमलं तर पेढे द्या. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला छाती लागते. मुंबईत तुमचं निभावलं ते नशिबानं, किंवा त्यांनी न सांगता चाचणी घेतली असेल.

नुसत्या पानांची मेंदी केसाच्या प्रथिनाला चिकटते आणि थर देते. थरावर थर म्हणजे भिंतीला हातावर हात रंग. क्रीम आत शिरायला वेळ लागतो, कुठं शिरतं, कुठं नाही, म्हणून केस पट्ट्यापट्ट्यानं सरळ होतो. हे एक वेळ चालेल. खरी भीती कढईतल्या लोखंडाची आणि बाजारातल्या काळ्या मेंदीतल्या धातूच्या क्षारांची. दुसऱ्या क्रीममधल्या पेरॉक्साइडशी धातूचं पटत नाही. केस डोक्यावरच तापतो, कधी वाफ निघते, कधी बट हातात येते. मी हे एकदाच पाहिलंय आणि तेव्हापासून मेंदीवाल्या प्रत्येकीची चाचणी घेते. कंगव्यात अडकलेले, किंवा मानेजवळून कापलेले पाच-पंचवीस केस काचेच्या वाटीत वीस व्हॉल्यूमच्या पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे थेंब टाकून अर्धा तास ठेवायचे. वाटी गरम झाली, बुडबुडे आले, रंग विचित्र बदलला, तर काम बंद. हे तुमच्या पार्लरवालीलाच करू द्या, स्वयंपाकघरात करू नका.

आणखी एक. मेंदीनं केस राठ होतात हे तुम्हीही मान्य कराल. सरळ केलेल्या लांबीवर दर तीन आठवड्यांनी मेंदी थापण्याचं कारणच काय? तो केस कधीच रंगलाय. फक्त मुळांच्या पांढऱ्या केसांना लावा, जुन्या दात घासायच्या ब्रशनं, आणि कढई सोडून स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात भिजवा. रंग थोडा तांबडा येईल. कढईतला काळपटपणा लोखंडाचाच असतो. मेंदी धुतल्यावर त्याच दिवशी शाम्पू नको, तेल लावा, दुसऱ्या दिवशी धुवा.

पांढऱ्या केसाचा ताठपणा हा दोष नाही, त्याचा स्वभाव. न्हाल्यावर ओलसर मुळांवरून सुती ओढणी घट्ट बांधून वीस मिनिटं बसा, चहा होईपर्यंत. केस बसतात. आमच्या सासूबाई पदरानंच हे करायच्या.

प्रश्न : ताई, रत्नागिरीहून लिहितेय. बाळ चार महिन्यांचं आहे. गरोदर राहण्याआधी केराटिन केलं होतं, ते कधीच उतरलं. आता केस मुठीनं गळतात, जे राहिलेत ते कोरडे आणि अर्धवट कुरळे, आणि कपाळावर आखूड केसांची झालर उभी राहते. उष्टावणाच्या आधी परत केराटिन करावं असं वाटतं. इथलं पार्लर म्हणतं त्यांचं ‘फॉर्मॅल्डिहाइड फ्री’ आहे. पण मूत्रपिंडाबद्दल काहीतरी बातमी वाचल्यासारखी वाटते. खरं आहे का?

उत्तर : बातमी खरी आहे आणि तुझ्यासाठी उत्तर नाही असंच आहे. बाळ अंगावर पितं तोवर केराटिनची खोली टाळ.

फॉर्मॅल्डिहाइड हा केराटिनच्या द्रवातून निघणारा वायू. डोळे चुरचुरतात तो तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली तो माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला. त्याची बदनामी झाल्यावर बऱ्याच बाटल्यांत ग्लायॉक्सिलिक ॲसिड आलं आणि वर ‘फ्री’ची चिठ्ठी लागली. इस्रायलमधल्या १४ रुग्णालयांनी मिळून २०१९ ते २०२२ या काळातले २६ रुग्ण नोंदवले, केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झालेले. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीगत छापली. तिनं तीन वेळा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिची मूत्रपिंडं बिघडली. तिच्या क्रीममध्ये हेच ॲसिड होतं. उंदरांच्या त्वचेवर लावून पाहिलं तर मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक दिसले. टाळूतून आत जातं, असा त्याचा अर्थ.

मीही दोन वर्षं ते क्रीम वापरलंय. वाचल्यावर उरलेल्या बाटल्या बंद केल्या. प्रत्येकीला असं होतं असं नाही, माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणाला झाल्याचं मला माहीत नाही. पण कुठल्याही बाईला केराटिननंतर एक-दोन दिवसांत मळमळ, उलट्या, कमरेत दुखणं, लघवी कमी होणं यातलं काही झालं, तर ‘पित्त झालं’ म्हणून घरी बसू नये. डॉक्टरकडे जाऊन केसांना काय लावलं ते आधी सांगावं आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं, मूत्रपिंडं नीट चालतात का ते त्यावरून कळतं. डॉक्टर आपण होऊन केसांबद्दल विचारणार नाहीत.

आता तुझं. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी गळती सुरू होते, कारण गरोदरपणात जे केस गळायचे थांबले होते ते सगळे एकदम रजा घेतात. सहसा वर्षभरात थांबते. कपाळावरची झालर म्हणजे तुझे नवे केस आहेत, आनंद मान. त्यांना क्रीम-इस्त्री काही लावू नकोस, त्यांच्या टोकाशी अजून ताकद नाही. कोरफडीचा गर बोटावर घेऊन मागे चोपड, वर रुंद कापडी पट्टा बांध. केसांचं वळण बाळंतपणानंतर काहींचं बदलतं, कोणाचं परत पूर्वीसारखं होतं, कोणाचं नाही. त्यामुळे सहा-आठ महिने तरी कुठलीच कायमची गोष्ट करू नये, कारण आपण कोणते केस सरळ करतोय तेच अजून ठरलेलं नसतं. गळती वर्षाच्या पुढं गेली किंवा भांग रुंदावताना दिसला तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घे.

उष्टावणाला फोटो बाळाचे काढतात. तुझ्या केसांना खांद्यापर्यंत कात्री लाव. बाळ ओढणार आहेच, आखूड असले तर कमी हाताला लागतील.

प्रश्न : मॅडम, मी पुरुष आहे, तरी विचारतो. नाशिक, वय २७. सलूनमध्ये स्ट्रेटनिंग केलं, तीन महिने झाले. मुळं कुरळी आली आणि हेल्मेट काढल्यावर केस छत्रीसारखे दिसतात. घरी करायचं किट मिळतं, ते वापरू का?

उत्तर : पुरुष आहात तरी म्हणजे काय, केसांना कुठं कळतं. किट नको. स्वतःच्या डोक्याच्या मागचं स्वतःला दिसत नाही आणि क्रीम तिथंच ओघळतं. तुमचे केस चार-पाच इंचांचे असतील. तीन महिन्यांत दीड इंचाच्या आसपास नवे आलेत. अजून एक महिना थांबा, हेल्मेटच्या आत सुती रुमाल बांधा, आणि मग न्हाव्याला सांगून सरळ केलेला सगळा भाग उतरवा. शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे.